इंजिन ट्युनरची निवड (नाशिक परिसर)

वाहनाच्या इंजिनात किंवा त्याला जोडलेल्या भागांत बदल केल्यावर हवा, इंधन आणि ठिणगीची वेळ यांचा मेळ नव्याने बसवून देणाऱ्या कारागिराला ट्युनर म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम गॅरेजमधला मेस्त्रीच करायचा. यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलचा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं मुख्य बारीक छिद्र) बदलायचा, गाडी एक चक्कर मारून आणायची, स्पार्क प्लग काढून बघायचा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर बरोबर, काळं काजळलेलं असेल तर इंधन जास्त, पांढरं भाजलेलं असेल तर कमी. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हीच परीक्षा लॅपटॉप, वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) आणि डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) यांवर होते, पण प्रश्न तोच असतो: आत नेमकं काय जळतंय हे या माणसाला कळतं का?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये यंत्रावरचा हात तयार असलेली माणसं भरपूर. महिंद्राच्या गाड्या आणि बॉशचे डिझेल इंजेक्टर याच शहरात बनत आले आहेत, आणि रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे मॉडिफाय केलेल्या गाड्यांचं वेडही जुनं. त्यामुळे हेड घासून देणारा किंवा बुश बसवणारा चांगला माणूस लवकर सापडतो. ट्युनर शोधणं मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही आणि चूक झाली तर ती सहा महिन्यांनी पिस्टनवर उमटते.

उंची, ऊन आणि डायनोचा कागद

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी, म्हणून टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच कमी भरते. कसारा घाट चढून आलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला थोडं जास्त इंधन मिळू लागतं. इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हा फरक सेन्सरवरून ओळखून भरून काढतो.

डायनोचा कागद हातात घेताना हीच गोष्ट आडवी येते. डायनोवरचा आकडा 'करेक्शन' लावून प्रमाण हवामानात आणलेला असतो, आणि प्रमाणं अनेक आहेत. एसएई जे1349 मध्ये 99 किलोपास्कल दाब आणि 25 अंश तापमान धरतात; जुन्या डीआयएन पद्धतीत 1013 मिलिबार आणि 20 अंश. मे महिन्यातल्या दुपारी, 35 अंशांत, नाशिकला तीच गाडी चढवली तर पहिल्या हिशेबात आकडा सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात दहाच्या आसपास. टर्बो गाडीत तर गंमत आणखी वाढते. टर्बो जास्त वेगाने फिरून दाबाची कमतरता बरीचशी भरून काढतो आणि वर करेक्शनही लागतं, म्हणजे न मिळालेल्या हॉर्सपॉवरही कागदावर दिसतात. आकडा चाकावर मोजलेला की इंजिनाच्या क्रँकवरचा, करेक्शन कोणतं, हे विचारल्यावर चिडणाऱ्या ट्युनरकडून चहा प्यावा आणि निघावं. 'आधीचा आणि नंतरचा रन (मोजणीची फेरी) एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, एकाच दुपारी घेतलाय' असं म्हणणाऱ्याचा छोटा आकडाही खरा मानायला हरकत नाही.

तो आधी काय मोजतो

चांगल्या ट्युनरचा पहिला तास नकाशाला, म्हणजे मॅपला (ईसीयूमधला इंधन आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता), हात न लावता जातो. फॉल्ट कोड वाचणं, कॉम्प्रेशन तपासणं, इनटेकच्या पाइपांत गळती आहे का बघणं, प्लगची गॅप, इंधनाचा दाब. फाटलेल्या इंटरकूलर पाइपावर रिमॅप, म्हणजे बदललेला मॅप, घातला तर दोष पाइपाचा, बिल ट्युनिंगचं आणि बदनामी दोघांची. फ्लॅशिंग, म्हणजे ईसीयूत नवी फाइल लिहिणं, सुरू करण्याआधी तो बॅटरीला सपोर्ट चार्जर जोडतो, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. चार्जर न जोडता, गाडी फाटकापाशी उभी करून 'दहा मिनिटांत देतो' म्हणणारा माणूस बहुधा कुठून तरी आलेली तयार फाइल ओततो. स्टॉक गाडीला ती चालूनही जाईल. ज्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर किंवा कॅम बदललाय, तिला चालणार नाही.

इंधनाबद्दलचं त्याचं बोलणंही ऐकावं. शुद्ध पेट्रोलचं रासायनिक प्रमाण 14.7 भाग हवेला एक भाग इंधन. शुद्ध इथेनॉलचं 9. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचं साधारण 13.5. मीटरवरचा 14.7 हा आकडा पेट्रोलच्या मोजपट्टीवरचा असतो, म्हणून जाणकार लॅम्डात, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधनाचं प्रमाण भागिले त्या इंधनाचं रासायनिक प्रमाण, बोलतो: एक म्हणजे बरोबर, टर्बो पेट्रोलला पूर्ण थ्रॉटलवर 0.8 च्या आसपास. नॉकिंगबद्दल (मिश्रण अवेळी पेटून इंजिन खडखडणं) विचारलं की तो सेन्सरचे लॉग दाखवतो, आणि ते लॉग डिसेंबरच्या सकाळचे आहेत की एप्रिलच्या दुपारचे, हेही सांगतो. इनटेकची हवा तापली की ठिणगी मागे ओढावी लागते. थंडीत घेतलेली फाइल उन्हाळ्यात घाट चढताना खडखडू शकते.

नकार देता येणं हे दुसरं लक्षण. फोक्सवॅगन पोलोच्या 1.2 टीएसआयचा मूळ टॉर्क 175 न्यूटन-मीटर आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादा 250. ही मर्यादा ग्राहकाने विचारण्याआधीच ज्याच्या तोंडी येते, त्याच्याकडे गाडी सोडावी. डिझेल थारमधून काळा धूर काढून दाखवणं हे ट्युनिंग नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. बीएस6 गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढायला उत्साहाने तयार असणाऱ्याबद्दलही मत त्यावरून बनवावं.

कायदा आणि मूळ फाइल

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बदलांसाठी प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच 15 च्या गाडीला लावलेला आवाजी सायलेन्सर कॉलेज रोडवर लगेच कानावर येतो, बदललेला मॅप येत नाही. म्हणून वॉरंटीचा मुद्दा व्यवहारात जास्त टोचतो. काही ईसीयूंमध्ये फ्लॅश किती वेळा झाला याची नोंद राहते आणि मूळ फाइल परत घातली तरी ती पुसली जात नाही. काम सुरू होण्याआधी हे सांगणं आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर मालकाच्या हाती देणं, ही दोन्ही ट्युनरचीच कामं आहेत. फाइल 'आमच्याकडेच राहते' असं उत्तर आलं, तर पुढे दुकान बंद झाल्यावर ती कोणाकडे मागायची हे तेव्हाच विचारून घ्यावं.