एका रात्रीचे चार दिवस: ईस्टरच्या सुट्टीमागचा इतिहास

येशू मरणातून पुन्हा उठला, त्याचा सण म्हणजे ईस्टर. त्याच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर शेकोटी पेटते, तिच्यावरून एक उंच, जाड मेणबत्ती पेटवली जाते आणि ती घेऊन मिरवणूक अंधारात शिरते. मेणबत्तीवर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, क्रुसाच्या आकारात धुपाचे पाच खडे बसवलेले असतात. येशूच्या पाच जखमांची ती खूण. वाटेत तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ अशी घोषणा होते. मग त्या एका ज्योतीवरून पहिली मेणबत्ती पेटते, तिच्यावरून शेजाऱ्याची, आणि हळूहळू माणसांचे चेहरे दिसायला लागतात.

गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंतची चार दिवसांची सुट्टी, चर्चमधल्या उपासना, लांबून घरी आलेली मुलं आणि रविवारचं भरलेलं ताट हे सगळं आपण आज एकत्रच पाहतो. पण मुळात होती ती एवढी एक रात्र.

तिच्याही मागे वल्हांडण आहे. मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेचा हा यहुदी सण निसान महिन्याच्या चतुर्दशीला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर सुरू होतो. ‘वल्हांडण’ या मराठी शब्दातच ओलांडून जाणं आहे: कोकराचं रक्त लावलेली दारं मृत्यूने ओलांडली, ही ती कथा. या सणाची आज्ञा ‘निर्गम’ ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे आणि ती सरळ घराला उद्देशून आहे. दर घरामागे एक कोकरू घ्यावं, आणि घरात माणसं कमी असतील तर शेजाऱ्याला सोबत घ्यावं. येशूचा मृत्यू याच सणाच्या दिवसांत झाला. म्हणून ग्रीक आणि लॅटिन भाषांत ईस्टरला ‘पास्का’ म्हणतात; हिब्रू ‘पेसाह’वरून आलेलं हे नाव फ्रेंच, पोर्तुगीज, रशियन भाषांतही टिकलं.

‘ईस्टर’ हे नाव मात्र वेगळ्या वाटेने आलं. ७२५च्या सुमारास बीड नावाच्या इंग्लिश मठवासी लेखकाने लिहून ठेवलं की जुन्या इंग्लिश लोकांचा एक महिना एओस्त्रे देवीच्या नावाने ओळखला जाई. या देवीबद्दलचा दुसरा जुना लेखी पुरावा नाही. ईस्टर म्हणजे मूळचा कुठला तरी देवीचा सण, असं दरवर्षी ठासून सांगितलं जातं ते या एका उल्लेखाच्या भरवशावर. इंग्लिश आणि जर्मन नावांचा प्रश्न त्यातून सुटत असेल, सणाचा नाही.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळींची रीत साधी होती. उपवास करायचा, रात्रभर जागायचं, शास्त्रपाठ ऐकायचे आणि शेवटी एकत्र भाकर मोडून उपवास सोडायचा. उपवास नेमका कधी सोडावा, यावर तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांना कुणीतरी पत्र पाठवून विचारलं. रोमची मंडळी कोंबडा आरवेपर्यंत थांबतात, आमच्याकडे त्याआधीच सोडतात, तर बरोबर कोण? डायोनिसियस यांचं उत्तर अजून वाचायला मिळतं. मध्यरात्रीआधीच घाई करणाऱ्यांना त्यांनी बोल लावला, पहाटेपर्यंत तग धरणाऱ्यांचं कौतुक केलं आणि मधल्यांना फार त्रास देऊ नये असं सांगितलं. भुकेल्या माणसांची इतकी कळकळ असलेलं धर्मशास्त्र विरळाच.

तारखेचा वाद त्याहून मोठा होता. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या निसानची चतुर्दशी धरत, मग वार कोणताही असो. रोमला रविवारच हवा होता, कारण येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं. १५५च्या सुमारास स्मिर्नाचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले, तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी बोलले. कुणीच कुणाला पटवू शकलं नाही. तरी अनिसेटस यांनी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्यांना दिला आणि दोघांनी शांततेत निरोप घेतला. पुढे १९०च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशिया मायनरमधल्या मंडळ्यांशी संबंधच तोडायचं ठरवलं, तेव्हा लिऑनचे बिशप आयरेनियस यांनी त्यांना या भेटीची आठवण करून दिली. कुणी एक दिवस उपवास करतं, कुणी दोन, कुणी सलग चाळीस तास. उपवासातल्या या फरकानेच श्रद्धेतली एकी दिसून येते, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे. या सगळ्या वादातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच, असं मला वाटतं.

३२५मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असं ठरवलं. पुढे रुळलेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. ही पौर्णिमा आकाशातली नसते, ती कोष्टकातली असते. १५८२मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. बहुतेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चनी ईस्टरसाठी मात्र जुनं ज्युलियन पंचांगच ठेवलं. दोन ईस्टर होण्याचं कारण हे.

मग एका रात्रीचा आठवडा कसा झाला? याचं उत्तर जेरुसलेममध्ये सापडतं. ३८०च्या दशकाच्या सुरुवातीला एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून तिथे यात्रेला गेली आणि मागे राहिलेल्या आपल्या मैत्रिणींसाठी तिने पाहिलेलं सगळं लिहून काढलं. हे लिखाण शतकानुशतकं हरवलेलं होतं. १८८४मध्ये इटलीतल्या अरेझ्झो गावात त्याचं हस्तलिखित मिळालं. जेरुसलेमच्या लोकांकडे येशूच्या शेवटच्या दिवसांतल्या जागा होत्या, म्हणून ते प्रत्येक घटना तिच्या जागी आणि तिच्या वेळी पाळत. आदल्या रविवारी ऑलिव्ह डोंगरावरून उतरताना मुलांच्या हातात खजुराच्या आणि ऑलिव्हच्या फांद्या असत. गुरुवारी रात्रभर लोक, येशूला जिथे पकडलं त्या गेथशेमानेच्या वाटेवर चालत. शुक्रवारी क्रुसाचं लाकूड टेबलावर ठेवत. लोक रांगेने येत, वाकत, कपाळ आणि डोळे टेकवत, चुंबन घेत. हात कुणी लावायचा नाही. बिशप लाकडाची दोन्ही टोकं धरून बसत आणि भोवती सेवक पहारा करत, कारण पूर्वी कुणीतरी चुंबन घेता घेता दाताने तुकडा तोडून पळवला होता म्हणे. यात्रेकरू घरी परतले ते ही रीत मनात घेऊन. ज्यांच्याकडे जेरुसलेम नव्हतं त्यांनी आपल्या चर्चमध्येच ती वाट उभी केली.

त्याच काळात कायदाही सणाच्या बाजूने आला. ३८९च्या रोमन कायद्याने ईस्टरच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस न्यायालयं बंद ठेवली. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेले नवे ख्रिस्ती पुढचा आठवडाभर पांढरी वस्त्रं घालून रोज चर्चमध्ये येत. सणाची सुट्टी म्हणून जे आपण म्हणतो त्याची पहिली वीट ही.

उपवास लांबत जाऊन चाळीस दिवसांचा झाला आणि त्याबरोबर घरचं जेवणही मोठं झालं. मध्ययुगात या काळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना हे कोण सांगणार? अंडी साठत गेली आणि ईस्टरला ती रंगवून वाटायची चाल पडली. १२९०मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या खर्चाच्या वहीत १८ पेन्सना घेतलेल्या ४५० अंड्यांची नोंद आहे. सोन्याचा वर्ख लावून, रंगवून ती राजघराण्यातल्या माणसांना वाटायची होती. ईस्टरचं जेवण इतकं आनंदाचं का, हे त्याआधीचे चाळीस दिवस पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण याच काळात ती मूळची रात्र हरवली. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये जागराचा विधी हळूहळू अलीकडे सरकत गेला. १५६६मध्ये पोप पाचवे पायस यांनी दुपारनंतर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना करायला मनाई केली आणि तो शनिवारी सकाळी येऊन थांबला. १६४२मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सक्तीचे सण कमी केले, तेव्हा गुरुवार ते शनिवार हे कामाचे दिवस झाले. बाकी सारे आपापल्या कामावर, आणि लख्ख उन्हात उभं राहून मोजकी माणसं गात होती, ‘हीच ती रात्र’. सुमारे चारशे वर्षं हे चाललं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ९ फेब्रुवारी १९५१ला पोप बारावे पायस यांच्या काळात हा जागर पुन्हा रात्री करायची परवानगी मिळाली, आणि १९५६पासून पूर्ण आठवड्याची सुधारित मांडणी लागू झाली. आज गर्दीने भरलेल्या चर्चमध्ये जो अंधार असतो, तो असा परत मिळवलेला आहे.

पूर्वेकडे ती रात्र कधीच सुटली नाही. तिथे मध्यरात्री ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हटलं की ‘खरोखर उठला आहे’ असं उत्तर येतं, आणि लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडली जातात. प्रॉटेस्टंटांमध्ये सरसकट एक रीत राहिली नाही. १६४७मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळबरोबर ईस्टरही रद्द केला होता. उलट १७३२मध्ये जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोराव्हियन पंथाची काही तरुण मुलं ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जाऊन गायली. सूर्योदयाच्या उपासनेची परंपरा तिथून पसरली. कुटुंब एकत्र येतं तेव्हा गेलेल्यांनाही गाठावं, ही त्या मुलांना सुचलेली गोष्ट मला फार जवळची वाटते.

चार दिवसांची सलग सुट्टी ही त्यामानाने कालची. इंग्लंडमध्ये गुड फ्रायडे आधीपासूनच पाळला जाई. १८७१च्या बँक सुट्ट्यांच्या कायद्याने ईस्टर मंडे जोडला आणि शहरात कामाला गेलेल्या माणसाला गावी जाऊन परतण्याएवढा वेळ मिळाला. २०२५मध्ये पूर्वेचा आणि पश्चिमेचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. २०२६मध्ये तो ५ एप्रिल आणि १२ एप्रिल असा पुन्हा वेगळा पडतो. नवरा कॅथलिक, बायको ऑर्थोडॉक्स अशी जी घरं आहेत, तिथे त्या वर्षी उपवासही दोनदा सुटतो.