हात सोलला म्हणजे ॲलर्जी नव्हे

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना रसायनाची पेस्ट लावणारे मजूर असोत, की नाशिकच्या दवाखान्यांत दिवसभर ब्लीचने फरशी पुसणाऱ्या मावशी, हात सोलले की निदान ठरलेलं: ‘ॲलर्जी झाली.’ बहुतेकदा ती ॲलर्जी नसते, रसायनाने कातडीचा थेट दाह केलेला असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा घोळ मला खटकतो.

दाह सगळ्यांच्या ओळखीचा. कातडीचा वरचा थर मृत पेशी आणि त्यांच्यामधल्या स्निग्धांशाचा, किंचित आम्लधर्मी. अल्कलीधर्मी ब्लीच त्याची वीण सैल करतं, साबण स्निग्धांश धुऊन नेतो. मात्रा पुरेशी असली की कुणालाही होतो, लागलं तिथेच होतो, आणि खाजेपेक्षा चरचर जास्त.

ॲलर्जी हे प्रतिकारशक्तीचं काम. ‘तीन हंगाम हेच औषध मारतोय, आजवर काही झालं नाही, मग ॲलर्जी कशी?’ असं फवारणारे विचारतात. अशीच होते! शरीराला ते रसायन खटकायला लागायला निदान दहाएक दिवस, कधी कधी कित्येक वर्षं जातात. एकदा खटकलं की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर पुरळ उठतं, तेही साधारण १ ते ३ दिवसांनी. सोमवारच्या फवारणीचा त्रास बुधवारी दिसतो आणि ठपका बुधवारी हाताळलेल्या वस्तूवर येतो. खाज असह्य असते, आणि औषध न लागलेल्या जागीही पुरळ पसरू शकतं. मुख्य म्हणजे इथे मात्रा कमी करून भागत नाही, ते रसायन सोडावंच लागतं. मॅन्कोझेब आणि थायरम ही बुरशीनाशकं अशी ॲलर्जी करू शकतात. थायरमच्या जातीची रसायनं रबर पक्कं करायलाही वापरतात, त्यामुळे कधी कधी रबरी हातमोजेच त्रास वाढवतात.

दाहाकडेही दुर्लक्ष नको. सोललेल्या कातडीतून रसायन सहज आत शिरतं आणि ॲलर्जीची वाट मोकळी होते. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड तर दोन्ही करू शकतं. कापडी हातमोजे मला अजिबात मान्य नाहीत: औषधाने भिजले की ते कातडीला चिकटूनच राहतं. नायट्राइलचे जाड हातमोजे घ्या. नर्स भगिनींनो, सॅनिटायझर चरचरतो म्हणून पुन्हा पुन्हा साबण लावू नका. चरचर बहुधा आधीच्या भेगांची असते, आणि कातडीला साबणच जास्त झिजवतो.

मेडिकलमधून मनाने आणलेली स्टेरॉइडची ट्यूब तर नकोच. ती दोन्ही त्रास तात्पुरते दाबते, कारण लपवते आणि कातडी पातळ करते. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर ४८ तास संशयित रसायनं लावलेल्या पट्ट्या ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना डब्याच्या लेबलचा फोटो न्या, कारण डॉक्टरांना दुकानातलं नाव नव्हे, आतला रासायनिक घटक लागतो.