पारा तीनवर, अंगणात बर्फ

झाडांना कळ्या आल्या, लोकरीचे कपडे कपाटात गेले आणि एका सकाळी खिडकीबाहेर बघतो तर बर्फ! तापमापी मात्र ३ अंश सेल्सियस दाखवते आहे. बर्फ शून्याला वितळतो हे शाळेत घोकलेलं. मग तापमापी बिघडली म्हणावं, तर तीही ठीक असते.

वसंतात ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन आपल्या लगतची हवा. वर चार-पाच किलोमीटरवर हिवाळ्याचा मुक्काम अजून हललेला नसतो. त्यातच कधी ध्रुवाकडच्या थंड हवेचा एखादा तुकडा उंचावरच्या वाऱ्यांच्या मुख्य प्रवाहातून सुटून भलत्याच ठिकाणी येऊन बसतो. ढगात बर्फ तयार होतो, यात तसं नवल नाही. थंड हवेच्या प्रदेशांत आपण ज्याला पाऊस म्हणतो, त्यातलाही बराचसा वर बर्फच असतो, वाटेत वितळलेला. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तो वितळला का नाही?

कारण पडता पडता तो आपली वाट स्वतःच गार करत येतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल उष्णता लागते आणि ती तो भोवतालच्या हवेतूनच उचलतो. एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. हिशेब केला तर एवढी हवा एक अंशाने थंड व्हायला जेमतेम चार ग्रॅम बर्फ वितळला तरी पुरतो. हवा कोरडी असेल तर त्याहून गंमत. हिमकणांची वाफ व्हायला लागते, आणि वाफ होण्याचा खर्च वितळण्याच्या कितीतरी पट. तिथे अर्धा ग्रॅमसुद्धा काम भागवतो. ओला हात वाऱ्यात धरला की जो गारवा जाणवतो, तोच हा. म्हणून हिमवर्षावाचा अंदाज बांधताना साध्या तापमापीपेक्षा ओल्या कापडात गुंडाळलेली तापमापी जास्त खरं सांगते. हवा ४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर ही ओली तापमापी शून्याच्या आसपास येते. पडणाऱ्या हिमकणाच्या अंगाला हवा लागते ती अशी.

मात्र हे जमायला सर जोरदार हवी आणि वारा पडलेला हवा. वारा असला की बाजूची ऊबदार हवा येऊन सगळ्या मेहनतीवर पाणी पाडते, अगदी शब्दशः. सकाळी रिमझिम, मग जोर वाढताच पांढऱ्या पाकळ्या, जोर ओसरला की पुन्हा पाऊस, असा खेळ त्यामुळेच चालतो.

या पाकळ्या बाहीवर झेलून बघा. सहा टोकांचा देखणा स्फटिक क्वचितच सापडेल. शून्याजवळ हिमकणांवर पाण्याचा पातळ थर असतो, त्याने ते एकमेकांना चिकटतात आणि खाली येतात ते कापसासारखे झुपके. दिसायला हलके, पण हा ओला बर्फ वजनाला भारी. घनता घनमीटरला २०० किलो धरली, तरी दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला २० किलो. हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांमधून बर्फ बराचसा खाली निसटतो. आता प्रत्येक कोवळं पान त्याला ताटासारखं धरून ठेवतं. फांद्या मोडतात त्या अशा. कळ्यांना खरी धास्ती मात्र बर्फ थांबल्यानंतरच्या निरभ्र रात्रीची. ढगांचं पांघरूण गेलेलं, आणि जमिनीतली ऊब बर्फाखाली अडकलेली.

रस्ता बहुधा काळाच राहतो, कारण त्याने आणि खालच्या मातीने आधीच्या दिवसांचं ऊन साठवलेलं असतं. गवतावर थर टिकतो, पण तोही फार वेळ नाही. उन्हातला बराचसा प्रकाश ताजा बर्फ परत पाठवतो, गवताचं पातं तसं करत नाही. ते तापतं, आणि दुपारी जवळून पाहिलं तर वर आलेल्या प्रत्येक पात्याभोवती बर्फात एक छोटासा खळगा पडलेला दिसतो.