ध्यानहेय वृत्ती

पातंजल योगातील संज्ञा. क्लेशांच्या (अविद्या, राग, द्वेष इ. चित्ताला पीडणाऱ्या दोषांच्या) ज्या उघड, स्थूल वृत्ती (वासना, क्रोध, अस्वस्थता इ.) ध्यानाने दूर होतात, त्या ध्यानहेय (योगसूत्र २.११). सूक्ष्म, बीजरूप क्लेश मात्र चित्ताच्या लयाबरोबरच जातात (२.१०). योगसूत्रांचे भाष्यकार व्यास वस्त्राचा दृष्टांत देतात : वरचा मळ झटकून निघतो, आतला काढायला यत्न व उपाय लागतात. ध्यान हा पहिला उपाय नव्हे. तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान या क्रियायोगाने वृत्ती आधी विरळ कराव्या लागतात, हे बहुधा दुर्लक्षिले जाते.

सूत्रांचा काळ वादग्रस्त आहे. योगसूत्रांचा कर्ता व व्याकरणावरील महाभाष्याचा कर्ता पतंजली एकच मानणारे इ.स.पू. दुसरे शतक धरतात. अलीकडील संशोधनाचा कल इ.स. चौथ्या-पाचव्या शतकाकडे असून तो अधिक सयुक्तिक वाटतो.

टीकाकारांत खरा मतभेद आहे तो विक्षेपावरील (चित्ताला विचलित करणाऱ्या अडथळ्यांवरील) उपाय म्हणून सांगितलेल्या ‘एकतत्त्वाभ्यासा’विषयी, म्हणजे चित्त एकाच तत्त्वावर लावण्याविषयी (१.३२). वाचस्पतिमिश्रांच्या मते एकतत्त्व म्हणजे ईश्वर. भोज कोणतेही इष्ट तत्त्व घेतो, विज्ञानभिक्षूही स्थूलादी कोणतेही एक आलंबन (ध्यानाचा आधार) मान्य करतो. पुढील सूत्रांत (१.३३–३९) आलंबनांचे पर्याय येऊन शेवटी ‘यथाभिमत’ (आपल्याला रुचेल त्याचे) ध्यान सांगितल्याने भोजाचा अर्थ प्रकरणाला जुळतो. ‘प्रतिपक्षभावन’ (२.३३) म्हणजे वाईट विचाराच्या जागी चांगला विचार आणणे, हा आज रूढ असलेला अर्थही अपुरा आहे. २.३४ नुसार त्यात वितर्काचे (हिंसा इ. यमनियमविरोधी विचाराचे) दुःख व अज्ञान हे अनंत फळ चिंतायचे असते. स्वतः केलेला, करविलेला वा अनुमोदिलेला (कृत, कारित, अनुमोदित); लोभ, क्रोध वा मोह यांतून आलेला; आणि मृदू, मध्य वा तीव्र, असे तीन त्रिकांच्या गुणाकाराने वितर्काचे २७ प्रकार होतात. भाष्यात ते पुढे ८१ केले आहेत.

अंगाचा कंप व अनियमित श्वास हे विक्षेपाचे सोबती (१.३१) असल्याने साधना शरीरापासून सुरू होते. आसन स्थिर करून काही मिनिटे सावकाश, लांब उच्छ्वास करावा. नवख्याने श्वास रोखू नये, कारण कोंडलेल्या श्वासाने तगमग वाढते. मग एकच आलंबन धरावे. मन निसटले की तेथून वळवून परत आणावे (गीता ६.२६). झापड येत असल्यास डोळे अर्धे उघडे ठेवावेत. वासनेशी वाद घालत बसल्यास तीच आलंबन बनते. आलंबन रोज बदलल्यास चित्त कोठेच ठरत नाही.

दाबलेली वासना गेली असे वाटते, प्रत्यक्षात ती ‘विच्छिन्न’ (तात्पुरती खंडित) असते (२.४). भाष्यातील चैत्र एका स्त्रीवर अनुरक्त आहे, म्हणून इतरांविषयी विरक्त ठरत नाही. वाचस्पतिमिश्रांनी वैराग्याच्या यतमान (प्रयत्नाचा आरंभ), व्यतिरेक, एकेंद्रिय व वशीकार (पूर्ण ताबा) अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. व्यतिरेकात कोणते विकार पिकून गळले व कोणते उरले, याची निवड करायची असते. एकेंद्रियात इंद्रिये थांबतात, पण मनात औत्सुक्य शिल्लक असते. साधक फसतात ते बहुधा येथेच.