चमक नाही म्हणजे रिसेप्टर नाही?

फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवर चमकणारा रंग चढवून त्या एकेक करून लेझरने तपासण्याच्या पद्धतीत) चमक दिसली नाही म्हणजे पेशीवर शोधला जाणारा रिसेप्टर (बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन) नाहीच, हा समज नाशिकमध्ये रिपोर्ट हाती घेणाऱ्या रुग्णांपासून जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांत आढळतो. तो चुकीचा आहे. फ्लुरोसंट रंग जोडलेले प्रतिपिंड रिसेप्टरच्या ठरावीक भागालाच चिकटते, आणि तो भाग झाकला गेला तर रिसेप्टर जागेवर असूनही रंग चढत नाही. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध घेतलेल्या लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णात नेमके हेच घडू शकते: औषधच बी पेशींवरच्या (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) सीडी२० या प्रथिनावर ठाण मांडून बसते, म्हणून या पेशी शोधताना त्यांच्यावरचे सीडी१९ हे दुसरे प्रथिनसुद्धा पाहतात. सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर तर त्याचा लिगंड (त्याला चिकटणारा रेणू) जोडला गेला की पेशीच्या आत ओढला जातो. पृष्ठभागावर तो मग कसा सापडणार? ट्रिप्सिनने (प्रथिने कापणाऱ्या विकराने) भांड्याच्या तळापासून सोडवलेल्या पेशींत काही रिसेप्टरांचा बाहेरचा भागच कापला गेलेला असतो, आणि हे बहुधा कुणी विचारतच नाही.