रेघ वाकते तिथे

मेंदूतली गाठ साध्या एमआरआयवर दिसते, पण ती किती आक्रमक आहे हे नुसतं चित्र पाहून नेहमी सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा गाठींना 1 ते 4 श्रेणी आहेत, आणि उपचारांची दिशा बरीचशी त्यावर ठरते. श्रेणीचा सुगावा द्यायला इथे पाणी उपयोगी पडतं.

पाण्याचा रेणू स्वस्थ बसत नाही. शरीराच्या तापमानाला, मोकळ्या पाण्यात तो 50 मिलिसेकंदांत एका दिशेला साधारण 17 मायक्रोमीटर सरकतो. पेशींचा आकारही याच घरातला, त्यामुळे वाटेत त्यांच्या भिंती आडव्या येतात. ही भटकंती मोजायची युक्ती स्टेस्कल आणि टॅनर या संशोधकांनी 1965 साली मांडली. चुंबकीय क्षेत्राचा एक धक्का रेणूंवर जागेची खूण करतो, दुसरा ती पुसतो. मधल्या वेळात जे हलले त्यांची खूण नीट पुसली जात नाही आणि सिग्नल घटतो.

धक्क्यांचा जोर, म्हणजे ‘बी-मूल्य’, वाढवत सिग्नलचा लॉगॅरिदम आलेखावर मांडला, तर निव्वळ पाण्यासाठी सरळ रेघ येते. तिचा उतार म्हणजे एडीसी, पाणी किती सहज पसरतं याचा आकडा. वरच्या श्रेणीच्या ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीत) पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून एडीसी बहुधा कमी भरतो. पण त्याच गाठीत मेलेला भाग असेल तर तिथे पाणी मोकळं फिरतं, आणि सरासरी आकडा फसवतो.

रुग्णालयात बहुतेकदा 0 आणि 1000 अशी दोनच बी-मूल्यं घेतात. दोन बिंदूंतून सरळ रेघच जाणार! आणखी पुढे मोजलं की मेंदूतली रेघ वाकलेली दिसते. खरी माहिती त्या वाकण्यात आहे. कर्टोसिसचं मॉडेल (2005) तो बाक एका आकड्यात मोजतं, त्या आकड्याचं नाव कर्टोसिस. वरच्या श्रेणीच्या ग्लायोमांत कर्टोसिस सरासरीने जास्त आढळतो. दुसऱ्या एका मॉडेलमध्ये ‘अल्फा’ हा आकडा असतो: 1 म्हणजे सगळं एकजिनसी, जितका कमी तितकी मिसळ जास्त.

मात्र बी-मूल्य वाढवलं की सिग्नल गोंगाटात बुडू लागतो, आणि मॉडेलमध्ये आकडे वाढवले तर वेगवेगळे आकडे एकाच वक्रावर बसतात, खरे कुठले ते कळत नाही. शिवाय 2021 पासून ग्लायोमाची श्रेणी जनुकांवरूनही ठरते, आणि पाण्याला जनुकं दिसत नाहीत. त्यामुळे बायोप्सी टळत नाही. पण सुई गाठीच्या नेमक्या कुठल्या भागात घालायची, हे ठरवायला अशा मोजणीतून काढलेला गाठीचा नकाशा हाताशी असलेला बरा.