आठ सिलिंडर, एक कार्बोरेटर

1964 साली अमेरिकेत पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचाचं दांडगं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि तिथे ‘मसल कार’ची लाट आली. या जीटीओचं इंजिन दोन तऱ्हांनी मिळायचं. वर चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार वाटांचा, एक कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असेल तर 325 अश्वशक्ती, आणि दोन-दोन बॅरलचे तीन कार्बोरेटर असतील तर 348. ही वरची 23 अश्वशक्ती खालून, पिस्टन किंवा क्रँकमधून आली नव्हती. हवा आत शिरण्याची वाट बदलली, तेवढ्यावर ती मिळाली.

या वाटेचा मोठा भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधला हा ओतीव भाग बॉनेट उघडल्यावर नीट दिसतही नाही, कारण त्याच्यावर एअर क्लीनरचं भलंमोठं ताट असतं. जुनी गाडी हाती आली की लोक आधी कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे धावतात. माझ्या मते आधी विचार करावा तो मॅनिफोल्डचा, कारण इंजिनाची ताकद नेमकी कोणत्या आरपीएमला हाती येणार, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो.

उदाहरणाला शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 घेऊ, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं हे इंजिन 1955 च्या मॉडेलांत 265 घनइंचाचं म्हणून आलं आणि वाढत वाढत 1967 च्या कॅमॅरोत 350 घनइंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं झालं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतं. म्हणजे 5000 आरपीएमला हे इंजिन कागदावर मिनिटाला 14,000 लिटरांहून जास्त हवा ओढतं. 6000 आरपीएमला तर पिस्टन वरून खाली जायला फक्त 5 मिलिसेकंद लागतात. एवढ्याशा वेळात हवेला थांबलेल्या अवस्थेतून सुटायचं, वळणं घ्यायची, व्हॉल्व्हच्या फटीतून शिरायचं आणि सिलिंडर भरायचा. शिवाय आठही जणांच्या वाट्याला पेट्रोल सारखं यायला हवं.

स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2 असा आहे. विषम आकड्यांचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, आणि सम आकड्यांचे उजवीकडे. आता या क्रमातला एक सोडून एक आकडा उचला: 1, 4, 6, 7 हा एक गट आणि 8, 3, 5, 2 हा दुसरा. ड्युअल प्लेन मॅनिफोल्डमध्ये आत दोन मजले असतात आणि प्रत्येक मजला यातल्या एकेका गटाला हवा देतो. पहिल्या गटात डावीकडचे दोन टोकाचे सिलिंडर आणि उजवीकडचे दोन मधले. दुसऱ्यात नेमकं उलट. म्हणून तर या मॅनिफोल्डचे पाइप एकमेकांच्या वरून-खालून असे गुंतल्यासारखे दिसतात. इंजिनात दर 90 अंशांना कुणीतरी हवा ओढायला लागतो, पण एका मजल्यावर ती ओढ दर 180 अंशांनी येते. एकाचं ओढून होत आलं की दुसऱ्याची पाळी, त्यामुळे हिसकाहिसकी कमी आणि कार्बोरेटरला मिळणारी ओढ स्पष्ट.

सिंगल प्लेनमध्ये मजले नाहीत. मधोमध एकच मोकळी पोकळी आणि तिच्यातून आठ आखूड, सरळ पाइप. वरच्या आरपीएमला ही रचना फार छान वाहते. पण कमी वेगाला आठही सिलिंडर एकाच पोकळीतून ओढत असतात आणि शेजारी-शेजारी असलेले 5 आणि 7 तर लागोपाठ ओढतात. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडाशी जातो.

आकारापेक्षाही इथे महत्त्वाचा आहे तो हवेचा वेग. चुलीपुढे बसलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही की फुंकणी बारीक हवी. तोच श्वास रुंद नळीतून सोडला तर निखारा ढिम्म राहतो. मॅनिफोल्डचे पाइप गरजेपेक्षा मोठे घेतले की 1500-2000 आरपीएमला आतली हवा मंदावते. मंद हवा पेट्रोलचे थेंब पेलू शकत नाही. ते भिंतींवर बसतात, ओघळतात आणि मग एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी असं वाटप होतं. गाडी सिग्नलवरून निघताना अडखळते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी खोल खड्डा आणि मग उसळी. रस्त्यावर चालवायच्या गाडीला म्हणून ड्युअल प्लेनच लावावा, असं मी ठामपणे म्हणेन. 7000 आरपीएमसाठी बनवलेला मॅनिफोल्ड कपाटात चमकतो, पण गाडीचं आयुष्य 3000 च्या आसपास जातं.

पाइपच्या लांबीचाही एक सुंदर हिशेब आहे. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली सरकला की पाइपमध्ये कमी दाबाची एक लाट उलटी धावत जाते. उघड्या टोकाशी ती परावर्तित होते आणि परतताना जास्त दाबाची लाट होऊन येते. व्हॉल्व्ह मिटायच्या आत ती पोहोचली, तर थोडी जास्त हवा आत ढकलून जाते. टर्बो नाही, पंखा नाही, नुसतं ध्वनीचं शास्त्र. क्रायस्लरने 1960 च्या 300एफ गाडीत हेच वापरलं. 30 इंच लांबीचे पाइप त्यांनी इंजिनावरून आडवे नेले. डाव्या सिलिंडरांचा कार्बोरेटर उजवीकडे आणि उजव्यांचा डावीकडे. 30 इंच जाऊन-येऊन दीड मीटर. ध्वनीच्या वेगाने साधारण साडेचार मिलिसेकंद. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क 2800 आरपीएमला यायचा, म्हणजे हमरस्त्यावर ओव्हरटेक करताना लागतो तिथेच. जास्त आरपीएमला ताकद हवी असणाऱ्यांसाठी बाहेरून तसाच दिसणारा मॅनिफोल्ड होता, पण आतल्या भिंती कापून पाइपची उपयोगी लांबी 15 इंचांवर आणलेली. दोन ओतीव भाग दिसायला जुळे आणि स्वभाव मात्र अगदी वेगळे.

मूळचा मॅनिफोल्ड बिडाचा, चांगला वीसेक किलोचा. ॲल्युमिनियमचा त्याच्या निम्म्याहूनही हलका. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये कार्बोरेटरच्या बुडाखालून जळलेल्या वायूंचा एक आडवा मार्ग जातो, तो उगाच नाही. पेट्रोलची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. सगळं पेट्रोल त्या हवेतच वाफ झालं, तर तिचं तापमान 20 अंशांहून जास्त उतरू शकतं. मिशिगनच्या थंडीत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून ही शेगडी. काही मॉडेलांत चोकची (थंड इंजिन सुरू करताना कार्बोरेटरची हवा अडवणाऱ्या झडपेची) स्प्रिंगही याच मार्गाच्या खळग्यात बसवलेली असते आणि त्या उष्णतेवर चोक उघडतो. नव्या मॅनिफोल्डला तो खळगा नसेल, तर चोक उघडणार कसा याचा विचार खरेदीच्या आधी करावा. इलेक्ट्रिक चोक हा सोपा उपाय.

आता मॅनिफोल्ड बदलण्याचं प्रत्यक्ष काम. या इंजिनात मॅनिफोल्ड हवा तर देतोच, शिवाय व्हीच्या मधल्या दरीचं झाकणही तोच असतो. खाली व्हॉल्व्ह उघडणारे लिफ्टर आणि कॅमशाफ्ट, सगळं तेलात. पुढच्या टोकाला दोन्ही हेडांतलं कूलंट त्याच्यातून थर्मोस्टॅटकडे जातं आणि मागच्या टोकाला त्याच्या भोकातून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणारा भाग, खाली उतरतो. हवा, पाणी, तेल आणि ठिणगी, चौघांचाही रस्ता एका झाकणातून. म्हणून बॅटरीची तार काढली की पहिलं काम कूलंट काढण्याचं. ते राहिलं, तर मॅनिफोल्ड उचलताच पाणी थेट तेलात.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणावा आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड कुठे आहे, याची खूण करावी. त्याचे गिअर तिरक्या दात्यांचे असतात, त्यामुळे वर ओढताना रोटर थोडा फिरतो. जिथे येऊन थांबला तिथे दुसरी खूण. बसवताना या दुसऱ्या खुणेपासून सुरुवात केली की उतरता उतरता तो पहिल्या खुणेवर येतो. शेवटचा पाव इंच अडला, तर खालच्या ऑइल पंपाच्या दांड्याची खाच जुळलेली नाही असं समजावं. तो दांडा लांब स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फिरवायचा. बोल्ट आवळून जबरदस्तीने बसवायचं नाही.

बारा बोल्ट निघाले तरी मॅनिफोल्ड हलत नाही, कारण जुनं पॅकिंग चिकटून बसलेलं असतं. पहार कोपऱ्याशी लावावी, मशीन केलेल्या पृष्ठभागाला धक्का न लावता. मग दरीत आणि पोर्टांत स्वच्छ चिंध्या कोंबून जुनं पॅकिंग हाताने खरवडायचं. फिरत्या घासचकत्या इथे नकोत. त्यांची बारीक पूड तेलात मिसळली की बेअरिंगांची वाट लागते.

ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या कडांवर बसवायला गॅस्केट सेटमध्ये कॉर्क किंवा रबराच्या पट्ट्या येतात. त्या बाजूला ठेवाव्यात. आवळताना त्या सरकून बाहेर येतात आणि मागून तेल गळायला लागतं. त्याऐवजी सिलिकॉन सीलंटची सुमारे 6 मिलिमीटरची सलग रेघ ओढावी आणि कोपऱ्यात गॅस्केटवर थोडी चढवावी. मॅनिफोल्ड सरळ खाली ठेवायचा, पुढे-मागे सरकवायचा नाही. बोल्ट मधल्यापासून बाहेर, या बाजूचा एक आणि त्या बाजूचा एक असे, तीन टप्प्यांत साधारण 40 न्यूटन-मीटरपर्यंत. एक टोक आधी आवळलं, तर पाचरीसारखा बसणारा हा भाग तिरका होतो आणि समोरच्या टोकाला फट राहते.

इंजिन तापलं की आणखी एक गंमत होते. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. साधारण 45 सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड 65 अंशांनी तापला, तर त्याच्या आणि हेडच्या लांबीत मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाइतका फरक पडतो. गॅस्केटला हे घासणं दर वेळी सोसायचं असतं. म्हणून इंजिन एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन, बोल्ट पुन्हा त्याच क्रमाने तपासावेत.

कुठल्या फटीतून हवा खेचली जातेय का, हे पाहायला आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून) मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावतात. मूळ कॅमशाफ्ट असेल तर काटा 17 ते 21 इंच पाऱ्याच्या दरम्यान स्थिर हवा. वरच्या बाजूची फट शोधणं सोपं आहे. अवघड असते ती पोर्टच्या खालच्या काठाची, कारण तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत नाही, दरीतलं तेलाचं धुकं ओढतं. मग धूर निळसर, प्लग तेलकट, आणि बिचाऱ्या पिस्टन रिंगांवर आळ. मेकॅनिक इंजिन खोलायचा सल्लाही देऊन मोकळा होतो. त्याआधी पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातले वायू मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी) नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड बंद करावं, व्हॉल्व्ह कव्हरचे बाकीचे श्वासमार्गही बुजवावेत आणि तेल भरायच्या भोकावर तळहात ठेवून पाहावा. निरोगी इंजिनात तिथे हळूहळू दाब वाढतो. हात आत खेचला जात असेल, तर दोष रिंगांचा नाही, खालून उघड्या राहिलेल्या गॅस्केटचा आहे.

सगळं आटोपल्यावर तेल आणि फिल्टर बदलावा, टायमिंग लाइट लावून टायमिंग जमवावं आणि कार्बोरेटरची आयडल मिश्रणाची सेटिंग नव्याने करावी. मॅनिफोल्ड बदलला की जुनी सेटिंग लागू पडत नाही. उतरवलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात मात्र देऊ नये. त्याच्यावर ओतकामाचा क्रमांक आणि तारखेचा संकेत उमटवलेला असतो, आणि गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर हाच भाग होता याचा तो पुरावा असतो. मशीन केलेल्या बाजूंना तेल चोळून तो कोरड्या जागी ठेवावा, बोल्टांसकट.